पिवळ्या जिन्याचं घर

"असं तोंड पाडून काय बसलायस? पाऊस काय तुझ्यावर डूख धरून पडतोय?" ब्रॉनविनने नवऱ्यापुढे चहाचा मग आदळला.

डीन खिडकीबाहेर बघत होता. समुद्र शंभर पावलांवर होता, पण दिसत नव्हता. ऑस्ट्रेलियाच्या या टोकाला जानेवारी म्हणजे भर पावसाळा; मिशन बीचला पाऊस लागला की चार-चार दिवस उसंत देत नाही. काल संध्याकाळी टाउन्सव्हिलहून ते इथे पोचले, तेव्हापासून हा गप्पच होता. गाडीतून उतरताना मुलांचीही वाचा बसली होती.

ब्रॉनविनला याचाच राग आला होता. किती हौसेने तिने हे घर शोधलं होतं! आठ वर्षांची टिली वर्षभर एकच चित्र काढत होती. खांबांवर उभं घर, पिवळा जिना, शेजारी वाकडं आंब्याचं झाड. ब्रॉनविनने भाड्याच्या घरांचे शेकडो फोटो चाळले आणि लेकीच्या मनातलं घर हुबेहूब मिळवलं. सगळ्यांना आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून पत्ता शेवटपर्यंत कुणाला सांगितला नाही. आणि टिलीने विचारलं काय, तर "आई, हेच का?" एवढंच.

ही सुट्टी काही नुसती मजेची नव्हती. गेल्या जानेवारीत ब्रॉनविनची आई वारली. शेवटचे दहा दिवस ब्रॉनविन हॉस्पिटलात एकटी तिच्या उशाशी होती. डीन मुलांना घेऊन भावाच्या शेतावर गेला होता. धाकटी बहीण मेगन केर्न्सहून निघाली, पण पुरामुळे महामार्ग बंद झाला आणि ती वाटेतच अडकली. फोनवर ढसाढसा रडायची बिचारी. तेव्हापासून डीन घरात असून नसल्यासारखा झाला होता. नाताळात ब्रॉनविनने त्याला रोखठोक सांगितलं होतं, "ही एक सुट्टी. आपल्यात काही उरलंय असं वाटलं तर राहीन. नाहीतर मुलांना घेऊन चालले मी."

मेगनचं म्हणणं तर वर्षभर एकच होतं. "सोड गं त्याला. किती दिवस कुढत बसणार?" ब्रॉनविनला मन मोकळं करायला तिच्याशिवाय होतं तरी कोण?

पण पावसापुढे हात टेकायचे नाहीत, असं ब्रॉनविनने सकाळीच ठरवलं होतं.

"चला, बेडकांची शर्यत लावू," ती म्हणाली.

अकरा वर्षांच्या अँगसने मान वर केली. "खालच्या नळापाशी असतात. हे एवढाले." बोलून झाल्यावर त्याने बापाकडे बघितलं.

"नळापाशीच असणार. तुझ्या गादीत असतील का?" डीन म्हणाला आणि पहिल्यांदाच थोडं हसला.

घराखाली खांबांमधल्या कोरड्या जागेत अँगसने खडूने मोठं वर्तुळ काढलं. उसाच्या मळ्यांतून येणारे ते जाडजूड बेडूक हातमोजे घालून पकडले आणि बादलीखाली कोंडले. ज्याचा बेडूक आधी रेघेबाहेर, तो जिंकला. डीनने पातेल्यातला डाव माईकसारखा तोंडाशी धरला.

"मंडळी, मधोमध बसलेत अँगसच्या शाळेचे मुख्याध्यापक! ही टिलीची राणी उडी मारतेय, छे, राणी सरकारांनी घाण केली!"

टिली हसून हसून खाली लोळली. ब्रॉनविनचा बेडूक मात्र जागचा हलेना.

"बघ, तुझ्यावरच गेलाय," डीन म्हणाला.

"म्हणजे काय? मी जागची हलत नाही?"

"नाही." त्याने डाव खाली केला. "तू टिकून राहतेस. पळतो तो मी."

मुलं बेडकांमागे धावत होती. ब्रॉनविनने त्याच्या ओल्या मानेवर हात ठेवला. नवरा चुकलं म्हणतोय, यापेक्षा आणखी काय हवं होतं तिला? वर्षभर छातीवर ठेवलेला दगड कुणी उचलून नेल्यासारखं वाटलं.

दुपारी तिने व्हरांड्यातून मेगनला फोन लावला. "मेग, मी राहतेय. त्याला सोडत नाहीये."



"नीट विचार केलायस ना?"

"अगं, पोट दुखेस्तोवर हसलो आज."

"एका दिवसाच्या हसण्यावर जन्म काढणार?" मेगनचा स्वर चिडका झाला, मग एकदम मऊ. "बरं, तुझी मर्जी. त्या पत्र्यावर पाऊस फार वाजतो गं. झोप तरी लागते का?"

"आज लागेल," ब्रॉनविन म्हणाली.

संध्याकाळी डीन मुलांना घेऊन तळलेले मासे आणि बटाटे आणायला गेला. ब्रॉनविन गुणगुणत टेबल लावायला लागली. कपाटात टेबलक्लॉथ शोधताना घड्यांच्या पार तळाशी एक जाड वही हाताला लागली. भाड्याच्या घरांत पाहुण्यांनी जाताना चार ओळी लिहायच्या असतात, ती वही. काल तिने विचारलं, तेव्हा डीन म्हणाला होता, या घरात नाहीये. शोधलीच नसेल आळशाने.

बेडकांची गंमत आजच लिहून ठेवावी म्हणून तिने पेन घेतलं. आधी बघावं तरी, भर पावसात इतर लोक इथे काय करतात, म्हणून पानं मागे उलटली. गेल्या जानेवारीतल्या एका पानावर तिचा हात थांबला. तारीख आई गेली त्याच्या आदल्या दिवसाची होती. अक्षर गोल गोल, टिलीचं.

"इथे रोज पाऊस आणि रोज पॅनकेक. मला घरी जायचंच नाही. टिली आणि अँगस."

खाली दुसरं अक्षर होतं, ब्रॉनविनला दर वाढदिवसाला कार्डावर येणारं.

"रस्ते अजून आठवडाभर बंद राहिले तर किती बरं होईल! डीन आणि मेगन."