पातूरवालीची फाईल

अकोल्याच्या दवाखान्यात शहाजादी बी शेख उस्मान या नावाच्या दोन बाया यायच्या, एक बाळापूरची, एक पातूरची. खिडकीवरचा बाबू दर महिन्याला नेमानं हिची फाईल तिला, तिची हिला द्यायचा. तीन वर्षं भांडूनही सुधारला नाही. मग दोघी बाकावर बसून फायली बदलायच्या, एकमेकींची शुगर वाचायच्या, एकाच फडक्यातली भाकर खायच्या. "बाबूले आपुन दोघी एकच दिसतो," पातूरवाली म्हणायची. मागच्या खेपेला एवढं बोलतानाही तिला धाप लागली होती. आज बाबूनं पहिल्याच झटक्यात बाळापूरवालीला बरोबर फाईल दिली. तिनं वळून पाहिलं. बाक रिकामा होता, पातूरची बस तर येऊन गेलेली. ती पुन्हा खिडकीशी गेली. "भाऊ, ही माही नाही. दुसरी द्या." पातूरवालीची फाईल मांडीवर घेऊन ती बाकावर बसली, शेजारची जागा भाकरीच्या फडक्यानं अडवून.