मधल्या खोलीतलं बटण

या मायबाप, असं जवळ सरकून बसा. मृदंग सुरात येईपर्यंत कळंबातल्या एका घराची गोष्ट सांगतो.

मागच्या खोलीत गौराबाईनं नवं बटण दाबलं. पुढच्या खोलीत घंटा वाजली नाही.

"अजून एकदा, आजी," रणधीर फिटर म्हणाला.

पक्षाघातानं म्हातारीची उजवी बाजू गेली होती. तिनं डाव्या अंगठ्यानं पुन्हा दाबलं. थोरला मुलगा गौरीशंकर बोळात कान देऊन उभा होता.

"वाजली का गं?" त्यानं बायकोला हाक दिली.

"न्हाय," हर्षालीचा आवाज पुढून आला.

घर लांबट, एकामागं एक खोल्यांचं. कल्याणप्पांनी, म्हणजे गौरीशंकरच्या वडलांनी, हयात असताना दिव्यांची आणि घंटेची, फोनवर चालणारी बटणं घरभर बसवली होती. तेव्हा गल्ली बघायला लोटली होती. आता ती बटणं जुनी झाली होती. काही आपसूक पेटायची, काही मेली होती. बनवणारी कंपनीच बंद पडली, तेव्हा नवी घेणं आलं. बाकीच्या दिव्यांची घाई नव्हती. घाई होती ती घंटेची. गेल्या शुक्रवारी रात्री म्हातारीनं बटण दाबलं, कुणी आलं नाही. संडासाला जायला ती एकटीच उठली, पडली, आणि उजाडेपर्यंत फरशीवर होती. सोबत झोपतो म्हटलं तर म्हणायची, "म्या काय तान्ही हाय का?"

"सर, वायफायचं बटण थेट राऊटरशी बोलतं," रणधीर म्हणाला. "मधल्या भिंतींतून ते मागं पोचंना. झिगबीचं घ्या. त्यात एक बटण दुसऱ्याला सांगतं, दुसरं तिसऱ्याला. नेट गेलं तरी काम अडत न्हाय."

कीर्तनात बुवांचा चरण झीलकरी उचलतात आणि मंडपाच्या टोकाला बसलेल्या आंधळ्या म्हातारीपर्यंत नेतात. तसंच हे.

"पण मधी एक बटण लागंल," रणधीर म्हणाला. "मधल्या खोलीत."

गौरीशंकरनं मान फिरवली. मधल्या दोन खोल्या धाकट्या सोमलिंगच्या वाटणीला गेल्या होत्या. पुढची आणि मागची बाजू आईसकट गौरीशंकरकडं. वाटणी झाल्यापासून दोघा भावांत शब्द नव्हता.

"वायफायच लाव. त्याला मधी कुणी लागत न्हाय."

"सर, पोचतच न्हाय ते."

"मग बोळातून तार ओढ."

"बोळ सामाईक हाय," हर्षाली पदराला हात पुसत आली. "खिळा ठोकायचा तरी दुसऱ्याला विचारायचं. तुम्हीच हट्टानं लिहून घेतलंय."

"तुला कुणी विचारलं?"

"कुणी न्हाय. आज रातीला आत्याबाई पडल्या तरी कुणी विचारणार न्हाय."

दिवस कलला होता. रणधीरनं पेटी आवरायला घेतली. त्याला येरमाळ्याची गाडी गाठायची होती. आत गौराबाईनं पुन्हा बटण दाबलं. कुणी सांगितलं नव्हतं. टक्. पुन्हा टक्. पुढून काही आवाज नाही.

गौरीशंकरनं चप्पल पायात सरकवली. "चल माझ्यासंगं," तो रणधीरला म्हणाला.

सोमलिंगचं दार शिवकन्येनं उघडलं. थोरल्या दिराला बघून तिनं पदर डोक्यावर घेतला आणि बाजूला झाली. सोमलिंग खाटेवर बसला होता. तो उठला नाही.

"एक बटण बसवायचंय," गौरीशंकर भिंतीकडं बघत म्हणाला. "इथं. आईच्या घंटेसाठी."

"बिनतारी घेताय म्हणं."

"व्हय."

"बिनतारी, अन् मधी मीच लागतो?"

रणधीरला हसू आलं, पण त्यानं ते गिळलं. "लागता, मालक. अन् कुलूप लावून गावाला जाताना मेन स्विच पाडायचा न्हाय. तुम्ही मेन पाडला की आजीची हाक हितंच थांबली."

 शिवकन्येनं दोन पेले पाणी आणून ठेवलं. कुणी हात लावला नाही.

"बसवा," तो म्हणाला. "पण एक अट हाय, अण्णा."

गौरीशंकरला वाटलं, हा काय मागणार ते ठाऊक आहे. रस्त्याकडची जमिनीची पट्टी. वाटणीत त्याच पट्टीवरून दोघांची तोंडं फिरली होती. त्यानं डोळे मिटले. डोळ्यांपुढं मागच्या खोलीतली फरशी आली.

"दिली," तो म्हणाला. "पट्टी तुझी. पण बटण आत्ता बसू दे."

"पट्टी कोण मागतंय?" सोमलिंगचा आवाज फाटला. "नुसती हाक पुढं ढकलायचं काम म्या करणार न्हाय. घंटा हितं पण वाजली पायजे."

"इथं कशाला?"

सोमलिंग उठून मागच्या भिंतीजवळ गेला आणि तिच्यावर तळवा टेकून उभा राहिला.

"शुक्रवारी रातीला आई पडल्याचा आवाज म्या ऐकला, अण्णा. कण्हणं बी ऐकलं. हितंच कान लावून बसलो व्हतो. म्हणलं, तुमच्याकडं घंटा वाजली असंल. तुम्ही आता उठचाल. आता उठचाल." तो थांबला. "उजाडलं."

रणधीरनं आवरलेली पेटी पुन्हा उघडली.

मायबाप, रात्री कधी शेजारच्या भिंतीआडून कण्हणं ऐकू आलं, आणि जायला दुसरं कुणी असंल असं वाटलं, तर त्या सोमलिंगाची आठवण ठेवा.