शंभर किलोंची अट

"अठ्ठ्याण्णव," रोविना म्हणाली. चष्मा सरळ करून तिने आकडा पुन्हा एकदा वाचला.

मर्डो टेट काट्यावरून उतरला तो छाती पुढे काढूनच. सव्वा वर्षापूर्वी याच खोलीत, विद्यापीठाच्या देहदान कार्यालयात, याच रोविनाने त्याला नाही म्हटलं होतं. तेव्हा आकडा होता एकशे एकतीस. शंभरच्या वरचा देह आम्ही घेत नाही, उचलण्यापासून टिकवण्यापर्यंत सगळंच अवघड होतं, असं तिने अगदी मऊ आवाजात समजावलं होतं. मर्डोचा नुसता तिळपापड झाला होता. चाळीस वर्षं ब्लफ बंदरातल्या बोटींवर कालवं काढलेला माणूस, सबंध देह फुकट देतोय, आणि हे घ्यायला तयार नाहीत!

पण त्यांनी घ्यायलाच हवा होता. कारण युना त्यांच्याकडे होती.

युना म्हणजे त्याची बायको. शेहेचाळीस वर्षांचा संसार. आपलं दुखणं बरं होणारं नाही हे कळल्यावर ती एक दिवस एकटीच बसने इथे आली, फॉर्म भरून गेली आणि घरी आल्यावर बटाटे सोलता सोलता त्याला सांगून मोकळी झाली. देहदानाला मर्डोची ना नव्हती. पोरं शिकतील, चांगले डॉक्टर होतील, उत्तमच. त्याला लागलं ते पुढचं. शिकवून झालं की राख घरच्यांना परत मिळते. युनाने मात्र 'परत नको' असं स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं. विद्यापीठाची स्मशानात एक जागा आहे, तिथे इतर देहदात्यांबरोबर तिला राहायचं होतं. आणि तिथे देहदात्यांखेरीज कुणालाच पुरत नाहीत.

आता मर्डोने ब्लफच्या टेकडीवर, समुद्र दिसेल अशी दोघांची जागा केव्हाच घेऊन ठेवलेली. त्या जागेचं काय करायचं, असं त्याने विचारलं तर युनाने मानही वर केली नाही.

"मी तिकडेच असणार. तुला यायचं तर तू ये."

एवढंच बोलली ती. त्यानंतर पाच महिन्यांत गेली. मर्डोला रडू आलं, पण त्याहून जास्त राग आला. ज्या माणसाबरोबर उभा जन्म काढला त्याच्यापेक्षा अनोळखी लोकांची सोबत तिला बरी वाटली? बारमधले दोस्त म्हणाले, बाबा रे, सुटली बिचारी तुझ्या घोरण्यातून. मर्डोही हसला. घरी जाऊन मात्र एकटाच चार चीज रोल खाऊन बसला.

आणि मग रोविनाने नाही म्हटलं. त्या दिवशी परत येताना तो हट्टाला पेटला. कंटाळलीस काय मला? ठीक आहे. मी येऊन तुझ्या शेजारीच पडतो, बघू कुठे पळतेस. आतापर्यंत युनाने काय कमी सांगितलं होतं? खिम्याची पेस्ट्री खाऊ नकोस, बिअर कमी कर, जरा चाल. छत्तीस वर्षं सांगून ती थकली आणि शेवटची दहा वर्षं गप्प बसली. तेव्हा ऐकलं नाही ते नाहीच. आता मात्र पेस्ट्री बंद, चीज रोल बंद, बिअर बंद. उकडलेला मासा आणि कोबी. रोज सकाळी टेकडी. पहिल्या महिन्यात पहिल्या वळणालाच धाप लागायची आणि तो तिथल्या बाकावर बसून युनाला शिव्या घालायचा.

"जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही," त्याचा जुना खलाशी दोस्त अॅल्बी बारमध्ये म्हणाला.

"मेल्यावर जाऊन काय उपयोग? मला ती आधीच घालवायचीय," मर्डो म्हणाला आणि पाणी मागवलं.

मध्ये कधीतरी डॉक्टरांनी त्याच्या दोन गोळ्या बंद केल्या. याच डॉक्टरांनी युना असताना तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, असंच चाललं तर याचं हृदय दोन वर्षं काढणार नाही. आता ते खूश होते. मर्डोला त्याचं काही नव्हतं, त्याचं लक्ष नुसतं काट्यावर.

तर आज अठ्ठ्याण्णव. रोविनाने फॉर्म पुढे केला. त्याने झोकात सही ठोकली.

"झालं? आता केव्हाही मेलो तरी चालेल?"

"चालेल. फक्त एक आहे, आजचं वजन धरत नाहीत. त्या दिवशीचं धरतात."

मर्डो मटकन खुर्चीत बसला. म्हणजे मरेपर्यंत टेकडी चढायची? मरेपर्यंत, रोविना म्हणाली. त्याने सैल झालेला पट्टा एक भोक आवळला. मग इतके दिवस जे कुणालाच विचारलं नव्हतं ते त्याने विचारलं.

"ती इथे आली तेव्हा माझ्याबद्दल काही बोलली का हो? मला कंटाळली होती का ती?"

रोविनाने पेन खाली ठेवलं. तुमचा फॉर्म पक्का होईपर्यंत सांगायचं नाही, असं युनाने बजावून ठेवलं होतं, रोविना म्हणाली. लोक इथे बसून तासभर शंका विचारतात. चेहरा झाकता का, नाव कळतं का, दुखत तर नाही ना. युनाने त्यातलं काहीच विचारलं नाही.

"एकच विचारलं तिने. 'माझ्या नवऱ्याला इथे यायचं असेल तर वजनाची अट किती?' मी म्हटलं, शंभर किलो. तर म्हणाली, 'मग द्या इकडे तो फॉर्म.'"