लाइन ठणठणीत आहे

धाकट्या बहिणीचं पत्र दादांच्या पुस्तकात खूण म्हणून कधीचं पडून होतं. ‘दादा, केव्हाही फोन केला तरी तू झोपलेला असतोस म्हणे. मला घरातला वाटा नको रे, तुझा आवाज हवाय.’ घरातला फोन तर एकदाही वाजला नव्हता. धडधडीत खोटं लिहिणाऱ्या बहिणीला भिडस्त दादांनी उत्तरच पाठवलं नव्हतं. मग वाटलं, बिघाड आपल्याच फोनमध्ये असला तर? घरातला फोन इंटरनेटच्याच लाइनवर होता, म्हणून त्यांनी इंटरनेट कंपनीला फोन लावला.

“आजोबा, डब्यावरचा दिवा हिरवा आहे ना?”

“हिरवागार आहे गं. पण फोन वाजतच नाही.”

कंपनीतल्या मुलीने सांगितलं तशी टेबलाखाली रांगत त्यांनी वायर काढून पुन्हा लावली.

“लाइन ठणठणीत आहे, आजोबा. तुमचे येणारे सगळे फोन दुसऱ्या नंबरवर वळवलेत.” तिने नंबर वाचून दाखवला. तो त्यांच्या मुलाचा होता.

“काय म्हणतात, बाबा?” मुलाने आतून विचारलं.

“बिघाड सापडत नाही म्हणतात.”



दुसऱ्या दिवशी दादांनी उत्तर टपालपेटीत टाकलं : ‘फोन करू नकोस, चिमे. पत्रच लिही, आणि पाकिटावर शेजाऱ्यांचा पत्ता घाल.’