हेडमास्तरांचा चांगुलपणा

“नीट आठवून बघा,” वकील तिसऱ्यांदा म्हणाले. “बावीस वर्षांत एकदा तरी तुम्ही त्या घड्याळजीशी गोड बोलला असाल.”

निवृत्त हेडमास्तरांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. “नाही,” ते म्हणाले.

त्यांच्या घराच्या कडेने तीन फुटांची वाट होती. मागे घड्याळजीचं दुरुस्तीचं दुकान होतं आणि तिथून मोठ्या रस्त्यावर यायला तेवढी एकच वाट. हेडमास्तरांना तिथे बाहेरून जिना काढायचा होता. वरच्या मजल्यावर मुलगी आणि जावई राहत. येता-जाता दोघांना हेडमास्तरांच्या खुर्चीसमोरून जावं लागे आणि कुठे निघालात ते सांगावं लागे. जावयाने दुसरीकडे जागा बघायला सुरुवात केली होती. वेगळा जिना झाला नाही तर मुलगी जाणार, आणि ते हेडमास्तरांना सोसणार नव्हतं. म्हणून त्यांनी वाटेला कुलूप ठोकलं. घड्याळजी कोर्टात गेला. कोर्टाने निकालापर्यंत कुलूप काढायला लावलं.

“कायदा असा आहे,” वकील म्हणाले. “दुसऱ्याची जागा वीस वर्षं उघडपणे, न विचारता वापरली, की वापरणाऱ्याचा हक्क होतो. पण मालकाने चांगुलपणाने वापरू दिली असेल, तर शंभर वर्षांनीही हक्क होत नाही. परवानगी ती परवानगीच.”

“पण मी रोज ओरडायचो की.”

“ओरडलात, पण कुलूप लावेपर्यंत कधी अडवलं नाहीत. म्हणजे तो तुम्हाला न जुमानता गेला. ओरडणं सिद्ध झालं की आपण हरलो. तुम्ही चांगले होतात, हे सिद्ध करायचंय.”

“कठीण आहे,” आतून हेडमास्तरांच्या बायकोचा आवाज आला.

त्या दिवसापासून हेडमास्तर खिडकीत बसून चांगुलपणा करू लागले. घड्याळजी सायकल घेऊन निघाला की म्हणत, “या, या. सावकाश. भिंतीला लागलं तरी चालेल.” म्हणताना त्यांच्या कपाळाची शीर तट्ट फुगे.

घड्याळजीची झोप उडाली. चौथ्या दिवशी तो खिडकीशी थांबला.

“सर, तब्येत बरी आहे ना?”

“उत्तम.”

“मग एकदा ओरडा ना. आमचे वकील म्हणतात, तुम्ही असेच वागलात तर आमचा दावा फेटाळला जाईल.”

“मी कशाला ओरडू? तुम्ही तर घरचे.”

घड्याळजीने मुद्दाम सायकल कुंडीवर घातली. कुंडीचे तीन तुकडे झाले. हेडमास्तरांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. “जुनीच होती,” ते म्हणाले. कुंडी गेल्याच आठवड्यात आणलेली होती.

एका बाबतीत मात्र त्यांनी वकिलांचं ऐकलं नाही. भूगोलाच्या उत्तराला नकाशा जोडलेला नसेल तर त्यांनी जन्मात कुणाला पूर्ण गुण दिले नव्हते. त्यांनी जागेच्या सरकारी मोजणीसाठी अर्ज केला.

“वाट तुमची आहे हे तोसुद्धा कबूल करतोय,” वकील वैतागून म्हणाले. “मोजणी कशाला?”

“नकाशा हवाच,” हेडमास्तर म्हणाले.

सुनावणीला घड्याळजी एक डायरी घेऊन आला. धंद्याच्या सवयीने तिच्यातल्या वेळा अचूक होत्या.

“बारा तारीख, नऊ वाजून सात मिनिटं,” त्याने वाचलं. “‘हा काय तुझ्या बापाचा रस्ता आहे?’ नऊ वाजून आठ मिनिटं. ‘गाढवा.’ सहा वाजून चाळीस मिनिटं, परत येताना. ‘अजून आहेस?’”

न्यायाधीशबाईंनी हेडमास्तरांकडे पाहिलं. “हे खरं?”

“मुळीच नाही, मॅडम. मी त्यांना रोज प्रेमाने जाऊ दिलं. माझं-तुझं मी कधी केलंच नाही. शेजाऱ्याने शेजाऱ्याला एवढं सांभाळून घ्यायलाच हवं.”

मागच्या बाकावर बायकोला जोराचा ठसका लागला.

घड्याळजी रडकुंडीला आला. “सर, शपथेवर तरी खरं बोला. तुम्ही मला बावीस वर्षं छळलंत. माझं सगळं दुकान त्यावर उभं आहे.”

“डायरी तुमचीच,” बाई म्हणाल्या. “छळाला कुणी साक्षीदार?”

साक्षीदार सगळी गल्ली होती. पण सगळी गल्ली हेडमास्तरांच्या हाताखालून गेलेली असल्यामुळे कुणी आलं नव्हतं. हेडमास्तरांना मनातल्या मनात जिन्याच्या पायऱ्या दिसू लागल्या.

तेवढ्यात शिपायाने मोजणी कार्यालयाचा लखोटा आणून दिला. बाईंनी नकाशा उलगडला, पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

“ही वाट हेडमास्तरांची नाही,” त्या म्हणाल्या. “ती मागच्या दुकानाच्या जागेचाच भाग आहे. नाव घड्याळजींच्या वडिलांचं आहे.”

बाईंनी नकाशावर बोट पुढे सरकवलं.

“आणि ती तीन फूट रुंद नाही, नऊ फूट आहे. उरलेल्या सहा फुटांत हेडमास्तरांचं स्वयंपाकघर येतं.”

हेडमास्तरांचे वकील हुशार होते. ते ताबडतोब उभे राहिले. “स्वयंपाकघर तिथे उघडपणे, कुणालाही न विचारता बांधलेलं आहे, मॅडम. आता तो आमचा हक्क झाला.”

“किती वर्षं झाली बांधून?”

वकिलांनी मागे वळून पाहिलं.

“एकोणीस,” बायको म्हणाली.

वकिलांनी घसा साफ केला. “पुढची तारीख वर्षभरानंतरची मिळाली तर बरं होईल, मॅडम.”

बाईंनी ती विनंती कानाआड केली आणि त्या घड्याळजीकडे वळल्या. “तुमचं काय म्हणणं आहे? पाडायचं का स्वयंपाकघर?”

घड्याळजीने हेडमास्तरांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्याचा रंग पार उतरला होता. बावीस वर्षांत ते पहिल्यांदाच त्याच्या तोंडाकडे बघत उभे होते. घड्याळजीला खरंच त्यांची दया आली.

“असू दे, मॅडम,” तो म्हणाला. “शेजारी आहेत. माझी परवानगी आहे. तेवढं फक्त लिहून घ्या.”