लोण्याचा ब्रश

आमच्या व्हिटबी गावच्या बार्बेक्यू स्पर्धेत मुलांच्या गटात माझी नात शायना उतरली होती. घरून आणलेल्या ग्रिलवर तिची हिरव्या मसाल्याची कोंबडी भाजत होती. "नाना, नो हेल्पिंग! यू जस्ट सिट," असं बजावून तिनं मला खुर्चीत बसवलं होतं. तेवढ्यात कॅमेऱ्यासह टीव्हीवरचा तिचा लाडका शेफ आला. त्याचा एकही कार्यक्रम ती चुकवत नाही. "लेट मी शो यू अ ट्रिक," म्हणत त्यानं वितळलेल्या लोण्यात ब्रश बुडवला. आम्ही बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू. मांसाला लोणी लागलं की ते आम्हाला चालत नाही. एक थेंब पडला असता, तर शायनाची कोंबडी तिलाच खाता आली नसती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी जागचा हललो नाही. माझं शिकवून झालं होतं. तिनं ब्रशखाली चक्क आपला तळहात धरला. "सॉरी सर, नो बटर ऑन मीट." "मग चमक कशानं येते?" त्यानं इंग्रजीत विचारलं. तिनं नारळाच्या दुधाची वाटी पुढे केली. तो त्यात लोण्याचा ब्रश बुडवणार, तोच तिनं वाटी मागे ओढली आणि आपला स्वच्छ ब्रश त्याच्या हातात दिला. तो हसला आणि भराभर फासू लागला. माझ्या प्रत्येक मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देणारी ही पोरगी त्या गडबडीत त्याला म्हणाली, "हळू. घाई नाही करायची. मी आहे ना." तिला शिकवताना मी म्हणायचो, अगदी त्याच सुरात. त्याला अक्षरही कळलं नसेल. पण त्याचा हात मंदावला.