महालातले जन्म

खुलताबाद रस्त्यावरच्या जुन्या महालात कोणता राजपुत्र किती वाजता जन्मला आणि कोणती राणी कधी गेली, हे पाहुण्यांना सांगण्यात पहारेकरी रामकिसनची तीस वर्षं गेली. शाळेत गुरुजींनी ठोकून दिलेल्या एक जून या जन्मतारखेमुळं आज त्याच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. निवृत्तीचे कागद घेऊन आलेल्या साहेबांना तो म्हणाला,

"साहेब, खरं तर मी दिवाळीतला. अजून पाच महिने नोकरी हाय."

"पुरावा?"

त्यानं बागेतला संगमरवर दाखवला. त्यावर राणीसाहेबांच्या कुत्र्याच्या मृत्यूची दिवाळीतली तारीख मिनिटासकट कोरली होती. "ह्याचा खड्डा माझा बाप खणत होता, तवा माय हितंच तबेल्यात बाळंत झाली."

साहेब हसले. "कुत्र्याचा दगड काय दाखवतोस? आत जन्मांची पाटी आहे ना?"

"ती रोज वाचतो, साहेब. त्या दिवशी महालात कुणीच जन्मलं नाय."